असेटो कोर्सा: बॉनेट उघडून पाहिलेला गेम

मागच्या महिन्यात असेटो कोर्सा या गाडी चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये एक फुकट मिळालेली मॉड गाडी, म्हणजे कंपनीबाहेरच्या कुणा हौशी माणसाने बनवलेली, टाकली. जुन्या धाटणीची, दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी. माजोनेच्या छोट्या ट्रॅकवर तिसऱ्या गिअरच्या वळणात ती सातव्यांदा गरकन फिरली आणि मी उलट्या तोंडाने गवतात जाऊन बसलो. गाडीच्या कौतुकात मात्र लोकांनी लिहून ठेवलं होतं, 'एकदम रिअल, हातातच येत नाही!'

मी एकोणीस वर्षं व्हील अलाइनमेंटचं काम केलंय. याच जातीच्या गाड्या रॅम्पवर चढवल्या, उतरवल्या आणि उतरवल्यावर एक चक्कर मारून पाहिल्या. अशी वागणारी गाडी मी कुणाच्या हातात दिली असती, तर तो माणूस त्याच संध्याकाळी परत आला असता, आणि पायी आला असता.

धडधाकट अवस्थेतली खरी गाडी चालवायला सोपी असते. ती सोपी व्हावी म्हणूनच तर कारखान्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं डोकं खपवलेलं असतं. सिम्युलेटरवाल्यांमध्ये मात्र 'अवघड' आणि 'खरी' हे शब्द एकाच अर्थाने फिरतात, याचा मला मनापासून कंटाळा आलाय. म्हणून ग्राफिक्स कसे आहेत, शर्यतीत कॉम्प्युटरच्या गाड्या कशा धडकतात, हे इथे वाचायला मिळणार नाही. गाडीची वागणूक ताळ्यावर आणायची असेल तर हा गेम किती मदत करतो, एवढंच मी बघितलं.

गेमची ओळख थोडक्यात. कुनोस सिम्युलात्सिओनी या इटालियन कंपनीचा हा गेम डिसेंबर २०१४ मध्ये पूर्ण रूपात आला. 'असेटो कोर्सा' म्हणजे इटालियनमध्ये शर्यतीसाठी केलेली गाडीची जुळणी, म्हणजे माझ्या धंद्याचंच नाव झालं. त्यानंतर याच घरातून जीटी शर्यतींचा 'कॉम्पेतित्सिओने' आला, २०२५ च्या जानेवारीत 'ईव्हो' अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट तयार रूपात, आला. तरी मी म्हाताऱ्याला धरून आहे. कारण यातली गाडी म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींचं एक फोल्डर आहे. सस्पेन्शनची फाईल, टायरची फाईल, इंजिनाची, ब्रेकची, गाडीवरून वाहणाऱ्या हवेच्या जोराची. नोटपॅडमध्ये उघडायची, आकडा बदलायचा, ट्रॅकवर जायचं. बॉनेट उघडणारा गेम मला आवडतो.

पण फायलींना हात लावायच्या आधी स्टेअरिंगचं बघायला हवं. गाडीबद्दलच्या निम्म्या तक्रारी माझ्या मते गाडीच्या नसतातच. माझं व्हील आतून दातेरी चक्रांचं आहे, जुनं, दुसऱ्याने वापरलेलं. मधोमध जरा ढिलं आहे आणि खडबडीत रस्त्यावर शिवणयंत्रासारखं वाजतं. त्याचा जोर कमी वाटला म्हणून मी पहिले कित्येक महिने फोर्स फीडबॅकचा, म्हणजे व्हीलमधली मोटर हाताला जो जोर देते त्याचा, गेन वरपर्यंत चढवून चालवत होतो. हात भरून यायचे, वाटायचं काय खरी गाडी आहे!

गेममध्ये पेडलचं एक छोटं ॲप आहे. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांच्या पट्ट्यांशेजारी फोर्स फीडबॅकची एक राखाडी पट्टी असते. व्हीलच्या मोटरची ताकद संपली की ती लाल होते. एकदा सहज ते ॲप उघडलं, तर माझी पट्टी प्रत्येक वळणात लालच. म्हणजे वळणाच्या सुरुवातीला मोटर एकदा शंभर टक्क्यांवर गेली की पुढे टायर काय सांगतोय ते हातापर्यंत पोचतच नव्हतं. सगळं सपाट.

आणि सांगण्यासारखं असतं ते नेमकं तिथेच. टायरची आडवी पकड कळसाला पोचायच्या थोडं आधीच स्टेअरिंगला सरळ करू पाहणारा जोर उतरायला लागतो. खऱ्या गाडीत पुढची चाकं घसरायच्या आधी स्टेअरिंग किंचित हलकं होतं, ते यामुळे. ज्याने हे एकदा ओळखलं तो वळणात डोळ्यांपेक्षा तळहातावर जास्त भरवसा ठेवतो. मी गेन उतरवत नेला. लांब, दाबून घेतलेल्या वळणात पट्टी टोकाला टेकते न टेकते अशी ठेवली. प्रत्येक गाडीसाठी वेगळा जोर न्यूमपॅडच्या अधिक-उणे बटणांवर चालवता चालवता कमी-जास्त करता येतो, ही फार सोयीची गोष्ट. रोड, कर्ब आणि स्लिप इफेक्ट हे वरून लावलेले थरथरीचे मसाले शून्यावर आणले. मधला ढिलेपणा झाकायला मिनिमम फोर्स, म्हणजे मोटरचा किमान जोर, थोडा ठेवला. पहिल्या दिवशी स्टेअरिंग मेलेलं वाटलं. तिसऱ्या दिवशी जुन्या सेटिंगवर परत जाववेना.

एवढं करूनही ती मॉड गाडी फिरतच होती. मग फायली उघडल्या.

इथे माझी फजिती सांगायलाच हवी. गाडीचा डेटा बहुतेक वेळा एका बंद पुडक्यात बांधलेला असतो. कंटेंट मॅनेजर नावाचं दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा प्रोग्राम, आहे, त्यातून तो सोडवता येतो. मी सोडवला, फोल्डर तयार झालं, आकडे बदलले, ट्रॅकवर गेलो. काय सुधारणा म्हणता! मागचं टोक शांत, ब्रेक सरळ. सलग दोन संध्याकाळी मी बदल करत गेलो आणि गाडी 'सुधारत' गेली. तिसऱ्या दिवशी गंमत म्हणून स्प्रिंगचा आकडा दहापट केला, तरी गाडी तशीच मऊ डुलत गेली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जुनं पुडकं जागेवर असेपर्यंत गेम तेच वाचतो. मी दोन दिवस न बदललेली गाडी चालवून स्वतःची पाठ थोपटत होतो. पुडक्याचं नाव बदललं आणि मग खरं काम सुरू झालं. तेव्हापासून नियम केलाय. नवीन काही करायचं तर आधी एक बेढब बदल करायचा, गाडी बोंबलते का बघायचं आणि मगच पुढे जायचं.

आता स्प्रिंग. सस्पेन्शनच्या फाईलमध्ये मागच्या स्प्रिंगपुढे ५०,००० न्यूटन प्रति मीटर लिहिलं होतं. आकडा ओळखीचा वाटला, कारण सुट्या स्प्रिंगच्या कॅटलॉगमध्ये असे आकडे असतात. घोळ इथेच आहे. या गेमला स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी मोजलेला हवा असतो. खऱ्या गाडीत स्प्रिंग चाकावर बसत नाही, चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मच्या मध्येच कुठेतरी बसते. समजा चाक १० मिलीमीटर वर गेल्यावर स्प्रिंग ७ मिलीमीटर दबते. तरफेचा हिशेब दोनदा लागतो, एकदा अंतराला आणि एकदा जोराला. ०.७ गुणिले ०.७ म्हणजे ०.४९. कॅटलॉगातली ५०,००० ची स्प्रिंग चाकापाशी २४,५०० चीच राहते. मॉडवाल्याने कॅटलॉग जसाच्या तसा उतरवला होता, म्हणजे गाडी दुप्पट कडक.

कडक म्हणजे किती, हे कळायला मी कंपनाचा आकडा काढतो, म्हणजे गाडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा डोलेल ते. गाडीचं वजन ड्रायव्हरसकट, पेट्रोल सोडून १,१२० किलो धरलं. फाईललाही वजन असंच लागतं, ड्रायव्हर विसरणारे बरेच असतात. चाक, हब, ब्रेक मिळून प्रत्येक कोपऱ्याला ३० किलो वजा केले की स्प्रिंगांवर १,००० किलो उरतात, आणि पुढे-मागे वजन सारखं असल्यामुळे कोपऱ्याला २५०. आता कडकपणाला वजनाने भागायचं, वर्गमूळ घ्यायचं आणि ६.२८ ने भागायचं. २४,५०० ला उत्तर येतं साधारण १.६ हर्ट्झ, म्हणजे रस्त्यावरच्या जरा खेळकर गाडीचं. ५०,००० ला येतं सव्वादोन, म्हणजे शर्यतीसाठी आवळलेल्या गाडीकडे झुकणारं. आणि हे फक्त मागे! पुढच्या स्प्रिंगा मऊच होत्या. वळणात गाडी कलंडली की बहुतेक भार मागच्या कडक टोकाने उचलायचा, बाहेरचं मागचं चाक एकटंच मरायचं आणि आतलं हवेत.

शॉकअपमध्येही तेच. २४,५०० ची स्प्रिंग आणि २५० किलो यांना डोलणं पुरतं मारणारा आकडा येतो ४,९५० न्यूटन सेकंद प्रति मीटर. मॉडमध्ये रिबाउंडला, म्हणजे चाक परत खाली येतानासाठी, ६,००० होते. चाक उंचवट्यावरून वर जायचं ते खाली यायला तयारच नसायचं. नॉर्डश्लाइफे या जर्मन ट्रॅकवरच्या कारुसेल नावाच्या वळणात, त्या काँक्रीटच्या तिरक्या पट्ट्यांवर, हे उघडं पडलं. प्रत्येक सांध्याला मागचं टोक एकेक बोट बाहेर सरकत होतं. मी बंपला, म्हणजे चाक वर जातानासाठी, १,५०० आणि रिबाउंडला ३,००० दिले. पुन्हा गेलो तर सांधे हाताला ठकठक लागले, पण गाडी ओळीत राहिली. हा गेम मला आवडतो तो अशा जागी. कागदावर हिशेब केला, आकडा घातला आणि ट्रॅकवर तो हिशेब जसाच्या तसा भेटला. रॅम्पवर जे शिकलो त्याच्याशी हे कुठेही भांडत नाही.

टायरची फाईल लांबलचक आहे. तिच्यात फार खोल शिरू नये असं माझं मत. तीनच आकडे बघितले. घसरणीच्या (चाकाचं तोंड आणि त्याची खरी वाट यांच्यातल्या) कोणत्या कोनाला पकड कळस गाठते, कळसानंतर ती किती उरते आणि किती झपाट्याने उतरते. रस्त्यावरच्या रेडियल टायरला साधारण ६ ते १० अंश लागतात. इथे ४.५ होते आणि त्यापुढे कडा कोसळल्यासारखी पकड जात होती. 'हातात येत नाही' ती यामुळेच. वर कळसाची पकडसुद्धा भरपूर वाढवून ठेवलेली. खूप धरायचं आणि एकदम सोडायचं. स्वतःच्या मनाने टायर बनवण्याइतका मी शहाणा नाही. कुनोसने स्वतः बनवलेल्या एका हलक्या गाडीचे त्याच जातीचे रस्त्याचे टायर उचलले आणि माप जुळवून लावले. ज्याला टायर बनवायचा असेल त्याने खुशाल बनवावा, पण तपासायला खऱ्या टायरची मोजमापं हाताशी नसतील तर ते अंधारात तीर मारणं आहे.

आणखी एक आकडा कुणाच्या नजरेत भरत नाही. गाडीच्या मुख्य फाईलमध्ये जडत्वासाठी एका खोक्याची मापं द्यायची असतात. रुंदी, उंची, लांबी. मॉडवाल्याने एखाद्या लांब सेडानची फाईल समोर ठेवून काम सुरू केलं असावं, कारण तिथे १.८ मीटर रुंद आणि ४.६ मीटर लांब खोकं पडलं होतं. या छोट्या गाडीला १.५ आणि ३.५ पुरे होते. फरक क्षुल्लक दिसतो, पण स्वतःभोवती घुमण्याचा आळस लांबी-रुंदीच्या वर्गांवर जातो. हिशेब केला तर जवळजवळ १.७ पट. म्हणजे गाडी वळायला उशीर करणार, आणि एकदा घुमायला लागली की थांबायलाही उशीर करणार. उलटं स्टेअरिंग मारलं तरी मागचं टोक येतच राहायचं, ते याचमुळे. हा आकडा बदलल्यावर पहिल्याच लॅपला मी मोठ्याने 'हां!' म्हणालो.

तरीही ब्रेक मारताना मागून एक वळवळ उरली होती. ब्रेकचा तोल पुढे ढकलला, मागचा अँटीरोल बार (गाडी कलंडू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी) मऊ केला, टायरची हवा बघितली. वळवळ तशीच. तीन दिवसांनी मागच्या चाकांचा टो, म्हणजे त्यांची तोंडं आत वळलीत की बाहेर, तो बघितला आणि कपाळावर हात मारला. फाईलमध्ये टो-आउट या नावाखाली आकडा द्यायचा असतो, तोही मीटरमध्ये, स्टेअरिंग आर्मच्या लांबीच्या हिशेबाने. अंश आणि मिलीमीटरवर वाढलेल्या माणसाला ती शून्यांची रांग परकी वाटते. मागे टो-इन हवं असेल तर आकडा उणे हवा. इथे उणे चिन्ह गळून पडलं होतं. दोन्ही मागची चाकं बाहेर तोंड करून उभी! एकोणीस वर्षं जे काम केलं ते मी सगळ्यात शेवटी तपासलं. घरी सांगितलं नाही.

मग भाचीला बसवलं. ती रोज गाडी चालवते, गेम कधीच नाही. तीन गाड्या तयार ठेवल्या, क, ख आणि ग. क म्हणजे मूळ मॉड, ख म्हणजे माझी, आणि ग म्हणजे माझीच पण मागचा अँटीरोल बार बराच कडक केलेली. कोणती काय हे सांगितलं नाही.

क वर तिने एक लॅप असा मारला की तिन्हींत तोच सर्वांत जलद ठरला, पण सलग दोन लॅप काही झाले नाहीत. पकड भरपूर होती ना, टिकेल तोवर. ख वर सहा लॅप, एकदाच गवत. ग वर दुसऱ्याच वळणात मागचं टोक थोडं सुटलं, तिने सावरलं आणि म्हणाली, "मामा, ही चिडकी आहे, पण आधी बोलते मग जाते. ती पहिली न बोलताच गेली होती."

अँटीरोल बारने एकूण भार कमी-जास्त होत नाही. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती किलो जाणार हे वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधली रुंदी ठरवतात. त्यातला वाटा पुढच्या जोडीने किती घ्यायचा आणि मागच्या जोडीने किती, एवढंच बार ठरवतो. ज्या टोकाला जास्त वाटा, ते टोक आधी थकतं, कारण टायरवर भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही. मागचा बार कडक केला तर मागचं टोक आधी सुटणार, पण टायर बरा असेल तर ते हळूहळू आणि सांगून सुटणार. भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला जे जाणवलं ते पुस्तकाशी जुळलं, आणि माझ्यापुरती या गेमची परीक्षा तिथे झाली.

आता उणं. मूळ गेममध्ये पाऊस नाही आणि रात्र नाही. ते हवं असेल तर बाहेरून पॅच घालावा लागतो. मेनू आता जुनाट दिसतात. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना सेटअपच्या पानावर बदलायला फारसं काही दिलेलं नाही, ते खऱ्यासारखंच असलं तरी नवशिक्याला वाटतं गेममध्ये सेटिंगच नाही. फाईल बदललेली गाडी घेऊन ऑनलाइन शर्यतीला गेलात तर डेटा जुळत नाही म्हणून सर्व्हर बाहेर काढतो, आणि काढायलाच हवा. काही मॉड तर कुलूप लावून येतात, आत बघताच येत नाही. अशी गाडी मी एकदा चालवून काढून टाकतो. आणि खुर्ची. खुर्ची हलत नाही. खऱ्या गाडीत मागचं टोक सुटल्याचं पहिल्यांदा बुडाला कळतं, हाताला नंतर. ते इथे मिळणार नाही, कितीही आकडे फिरवा.

घ्यावा का? शर्यत खेळायची असेल, निकाल, पॉइंट, करिअर हवं असेल, तर दुसरं काहीतरी बघा. पण कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलल्यावर टायरची आतली कड का तापते, हवा दोन पौंड कमी केली तर स्टेअरिंग का मंदावतं, असे प्रश्न ज्याला पडतात, त्याच्यासाठी याच्याइतकी मोकळी गाडी मला दुसरीकडे मिळालेली नाही. फक्त एका वेळी एकच आकडा बदला, मूळ फोल्डरची प्रत ठेवा, आणि त्या पुडक्याचं नाव बदलायला विसरू नका.

माझ्या गाडीत एक गोष्ट अजून डाचते. प्रत्येक कोपऱ्याचे ते ३० किलो मी अंदाजाने धरलेत, आणि कारुसेलमध्ये पुढचं टोक मला पाहिजे त्यापेक्षा जरा जड आपटतं. जुन्या गॅरेजात या गाडीचा पुढचा हब, डिस्क आणि चाक सुटं पडलेलं आहे असं कळलंय. रविवारी वजनकाटा घेऊन जातोय.